खवले मांजर: यातलं मांजर नक्की कुठून आलं?

सुरसागरवाली | 9 फेब्रुवारी, रात्री 9:20

नमस्कार मंडळी. वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचा नातू पाचवीत आहे. शाळा इंग्रजी, घरात मराठी, सोसायटीच्या जिन्यात गुजराती. बडोद्यातल्या आपल्या घरांत असतं तेच. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी जागतिक पँगोलिन दिवस असतो, म्हणून शाळेनं तक्ता करायला दिलाय. चित्र काढायचं आणि 'तुमच्या भाषेत याला काय म्हणतात आणि का' ते खाली लिहायचं.

साहेबांनी आधी पेंग्विन काढून रंगवूनसुद्धा टाकला. तो कागद फाडून नवा घेतला तेवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेन पुस्तकातलं चित्र बघून म्हणाल्या, "आ तो कीडीखाउ!" झालं. पोरगं माझ्याकडे वळलं, "आजी, मुंग्यांचा खाऊ? म्हणजे मुंग्यांना खायला देतात ते?" गुजरातीत कीडी म्हणजे मुंगी एवढं त्याला ठाऊक होतं, पण खाऊ मात्र त्यानं आपला मराठी लावला. चिवडा-लाडू.

मी म्हटलं, ते सोड, मराठीत याला खवले मांजर म्हणतात. त्यानं चित्र उलटसुलट करून बघितलं. खवले दिसले त्याला. मग म्हणाला, "आणि मांजर?"

मला उत्तर देता येईना. मिशा नाहीत, मिशांचं जाऊ द्या, दात नाहीत म्हणे. उंदीर खात नाही, दूध पीत नाही, उडी मारत नाही. मग आपल्या लोकांना यात मांजर दिसलं कुठे? आणि 'पँगोलिन' तरी कुठला शब्द? जाणकारांनी प्रकाश टाकावा. तक्ता शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे.

---

दांडियाबाजारचा_बाळ्या | रात्री 9:31

रुमाल टाकून ठेवतो. 'मुंग्यांचा खाऊ' यासाठी काकूंच्या नातवाला माझ्यातर्फे एक प्लेट सेवउसळ.

---

निरुपाय | रात्री 9:48

किंचित दुरुस्ती. मराठीतही 'खाऊ' म्हणजे खाणारा असतोच की. लाचखाऊ. तेव्हा कीडीखाऊ हा शब्द आपल्याला परका वाटायचं कारण नाही. मात्र गुजराती 'कीडी' आणि मराठी 'कीड' यांत गल्लत नको.

---

सुरसागरवाली | रात्री 9:55

निरुपाय, हे त्याला सांगितलं तर पुढचा प्रश्न 'लाच म्हणजे काय' असा येईल. तो तक्ता वेगळा करावा लागेल.

---

चिपळूणची_माहेरवाशीण | रात्री 10:26

काकू, तुम्ही माझ्या आजोळात हात घातलात!

मी बडोद्यात लग्न होऊन आले त्याला एकोणीस वर्षं झाली, पण हा प्राणी म्हटलं की मला आमच्या मागच्या परड्यातलं वारूळच आठवतं. रात्रीत कुणीतरी कुदळीनं फोडावं तसं फुटलेलं असायचं. आजोबा भोकाशी वाकून म्हणायचे, "खवल्या येऊन गेला." आमच्याकडे 'खवल्या मांजर'च म्हणतात आणि मांजर का, हे विचारायचं कधी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी स्वतः एकदाच पाहिला, तोही पाठमोरा. शेपूट अंगाएवढीच जाड. अंग कुठे संपलं आणि शेपूट कुठे सुरू झाली ते कळत नव्हतं.

आता वाईट वाटतं ते सांगते. आमच्या एका आत्याच्या बोटात खवल्याची अंगठी होती. मूळव्याधीवर उतारा म्हणून. मूळव्याध काही गेली नाही, अंगठी मात्र तिच्यासोबत गेली. तेव्हा कुणाला काही वाटायचं नाही. आज ती अंगठी घरात सापडली तर थेट गुन्हा आहे, कारण 1972 च्या वन्यजीव कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत बसलाय.

चांगलं म्हणजे, आमच्याच चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावानं 2020 साली याच दिवसाच्या निमित्तानं 'खवलोत्सव' केला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत घालून मिरवली. सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था तिकडे बरीच वर्षं या कामात आहे. पालखीत बसलेला खवल्या बघून माझी आई फोनवर म्हणाली, "आता याला कोण हात लावतोय बघू."

---

शब्दखोर | रात्री 11:40

दोन प्रश्न आहेत. सोपा आधी घेतो.

पँगोलिन हा शब्द मलाय भाषेतला. 'गुलिंग' म्हणजे लोळणं, गुंडाळी होणं. त्याला 'पेंग' हा कर्तृवाचक उपसर्ग लागून 'पेंगुलिंग', म्हणजे गुंडाळी करून घेणारा. आपण 'लिहिणारा', 'खाणारा' करतो तो 'णारा' त्यांच्याकडे शब्दाच्या पुढे लागतो, एवढंच. गंमत अशी की आजच्या मलायात त्याला 'तेंगिलिंग' म्हणतात आणि इंडोनेशियात 'त्रेंगिलिंग'. ज्या रूपावरून जगानं शब्द उचलला ते रूप घरी मागे पडलं. बाहेर तो पसरला अठराव्या शतकात, ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गलेखकामुळे. फ्रेंचमधून इंग्रजीत, इंग्रजीतून तुमच्या नातवाच्या वहीत.

शास्त्रीय नावाची कथा याहून निराळी. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1758 मध्ये प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, नाव दिलं मानिस. ते लॅटिन 'मानेस'वरून आलं असं मानतात. मानेस म्हणजे मृतात्मे, आपल्या भाषेत पितर. रात्री फिरणारं, चमत्कारिक दिसणारं काहीतरी, म्हणून. त्याच ग्रंथात त्यानं लेमूरलाही भुतांच्याच नावानं बसवलंय, तेव्हा गृहस्थाला रात्रीच्या प्राण्यांचं हे वेडच असावं. आपल्याकडच्या जातीचं पूर्ण नाव मानिस क्रासिकॉडाटा. मागचा शब्द म्हणजे 'जाड शेपटीचा'. माहेरवाशीणताई, तुम्ही पाठमोरं जे पाहिलंत तेच लॅटिनमध्ये आहे.

आणि या सगळ्या गणाचं नाव फोलिडोटा. ग्रीक 'फोलिस' म्हणजे खवला. म्हणजे नातवाला सांगा, आपल्या नावातला 'खवले' शास्त्रज्ञांनाही मान्य आहे. प्रश्न फक्त मांजराचा उरला. त्यावर उद्या. डोळे मिटताहेत.

---

सुरसागरवाली | 10 फेब्रुवारी, सकाळी 7:15

शब्दखोर, दंडवत. नातवाला 'गुंडाळी करून घेणारा' फार आवडलं. सकाळी दूध प्यायला बोलावलं तर रजईत गुंडाळून बसला आणि आतून आवाज, "मी पेंगुलिंग आहे."

---

हावड्याचा_देशपांडे | सकाळी 9:02

कोलकात्याहून हजेरी. बंगालीत याला 'बनरुई' म्हणतात. बन म्हणजे रान, रुई म्हणजे रोहू मासा. रानातला रोहू! इथल्या माणसाला खवले दिसले की मासाच दिसणार, त्याला इलाज नाही. आसामीतही 'बनरौ', तेच.

---

शिवाजीनगर_ते_जयनगर | सकाळी 9:20

कन्नडमध्ये 'चिप्पु हंदी'. चिप्पु म्हणजे शिंपला, कवच. हंदी म्हणजे डुक्कर. तमिळमध्ये 'एरुंबु तिन्नी', मुंग्या खाणारा, म्हणजे आमच्या शेजारच्या मामी आणि तुमच्या बेन यांचं एकमत आहे.

---

दांडियाबाजारचा_बाळ्या | सकाळी 9:34

हिंदीत 'सल्लू साँप'. म्हणजे बंगालात मासा, कर्नाटकात डुक्कर, उत्तरेत साप, आपल्याकडे मांजर. एकाच प्राण्याला चार घरी चार जन्म. बिचाऱ्याला आधार कार्ड काढायचं झालं तर?

---

शुद्धमती | सकाळी 11:10

इतका वेळ सगळे वाचतेय आणि आश्चर्य वाटतेय की संस्कृत नावाचा कुणी उल्लेखही केला नाही. वज्रकीट! हिंदीत 'बज्रकीट' रूढ होता, ओडियात 'बज्रकाप्ता' आहे. किती भारदस्त शब्द. 'खवले मांजर' हे अत्यंत ढोबळ नाव आहे आणि 'पँगोलिन' तर परकेच. मुलांना योग्य शब्द शिकवले नाहीत तर भाषा टिकणार कशी? आपल्याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1931 साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला होता, हे विसरू नका.

---

निरुपाय | सकाळी 11:25

शुद्धमती, कोशाचा आदर आहेच. पण वज्रकीट म्हणजे संस्कृत कोशांत दगड-लाकूड पोखरणारा किडा. शाळिग्रामाला भोकं पाडणारा तोच, गंडकीतला. तुम्ही किडे खाणाऱ्यालाच किडा केलंत. त्यापेक्षा मांजर परवडलं.

---

शुद्धमती | सकाळी 11:31

मी केले नाही. लोकांनी केले. मी फक्त रूढ शब्द सांगितला.

---

निरुपाय | सकाळी 11:33

मग लोकांनी मांजरही केलंय. तेही रूढच आहे.

---

सेवउसळसम्राट | सकाळी 11:50

सेवउसळीचा विषय निघालाच आहे तर सांगा, 'उसळ' हा शब्द बडोद्याच्या गाड्यांवर आपल्यामुळेच आला ना? ऑफिसातले गुजराती मित्र मानायला तयार नाहीत.

---

व्यवस्थापक | दुपारी 12:05

सेवउसळीसाठी वेगळा धागा काढावा. इथले अवांतर प्रतिसाद उडवले जातील. वज्रकीटावरून हातघाईवर येऊ नये.

---

चिपळूणची_माहेरवाशीण | दुपारी 2:40

स्वयंपाक करता करता एक गोष्ट डोक्यात आली. बरोबर आहे का ते शब्दखोरांनी सांगावं.

आपण पाण्यातल्या त्या ऊदबिलावाला काय म्हणतो? पाणमांजर. ते मांजर नाही. झाडावर चढून रातांबे, काजू खाणारं, छपरात धुडगूस घालणारं ते उदमांजर. तेही मांजर नाही. कस्तुरीच्या वासाचं जवादी मांजर, तेही नाही. आणि खवले मांजर. उलट जी खरी मार्जारकुळातली, ती छोटी ठिपक्यांची, तिला आपण म्हणतो वाघाटी! म्हणजे मांजराला वाघ केलं आणि वाघाशी संबंध नसलेल्या सगळ्यांना मांजर.

मला वाटतं कोकणातल्या माणसाला रात्री कंदिलाच्या उजेडात कुत्र्यापेक्षा लहान, उंदरापेक्षा मोठं, चार पायांचं काहीतरी सरसर जाताना दिसलं की ते 'मांजर'. मग पुढचा शब्द लावायचा. पाण्यात गेलं तर पाण, खवले असले तर खवले. मांजर हे माप आहे. 'दोन पायली', 'अर्धा शेर' तसं.

---

शब्दखोर | सायंकाळी 6:15

माहेरवाशीणताई, मी रात्रभर जे जुळवत होतो ते तुम्ही फोडणी देता देता सांगून टाकलंत. 'मांजर हे माप आहे' हे वाक्य मी वापरणार, आत्ताच सांगून ठेवतो.

मी फक्त दोन पुरवण्या जोडतो.

एक. 'मांजर' आला संस्कृत 'मार्जार'वरून. मृज् म्हणजे पुसणं, स्वच्छ करणं. सतत अंग चाटून साफ करतो तो मार्जार. म्हणजे मांजराचं नावसुद्धा मुळात त्याच्या वागण्यावरूनच पडलंय, जसं मलाय लोकांनी गुंडाळीवरून पाडलं.

दोन, आणि हे नातवाला जरूर सांगा. युरोपातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी बराच काळ याला दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊ आणि आर्माडिलोसोबत एकाच पंगतीत बसवलं होतं. कारण काय, तर दात नाहीत किंवा नावापुरते, आणि जीभ लांब. दिसायला तर्क बरोबर. पण जनुकं तपासली तेव्हा निघालं की मुंगीखाऊ लांबचे लांब, आणि खवले मांजराचे सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे मांसभक्षक गण. कुत्रे, अस्वलं आणि मांजरं. दोघांच्या वाटा काही कोटी वर्षांपूर्वी फुटल्या, तेव्हा चुलत म्हणावं की चुलतचुलत ते तुम्ही ठरवा. पण 'मुंगीखाऊ' म्हणणाऱ्या पंडितांपेक्षा कंदील धरून उभा असलेला कोकणी माणूस सत्याच्या जवळ होता. न कळत, पण होता.

---

दांडियाबाजारचा_बाळ्या | सायंकाळी 6:22

धागा वसूल. मांजर जिंकलं.

---

सुरसागरवाली | सायंकाळी 7:40

अंगावर काटा आला. मी नातवाला हे सांगितलं तर त्यानं शांतपणे विचारलं, "मग मांजरीच्या अंगावर खवले का नाहीत?" काटा खाली बसला.

---

शब्दखोर | सायंकाळी 7:58

त्याला सांगा, त्याच्या बोटांवर दहा आहेत. खवला नखाच्याच द्रव्याचा असतो. केराटिन. आपल्याला बोटापुरता मिळाला, त्याला अंगभर. आणि हो, दात नाहीत म्हणून काळजी नको. तो बारीक खडे गिळतो, कोंबडीच्या पोट्यात असतात तसे, आणि दळण पोटात.

---

कोतरांतला | रात्री 11:52

उशिरा आलो. मी नोकरी सांभाळून बडोद्यात प्राणी सोडवायला जातो. शहरात विश्वामित्री वाहते, तेव्हा आमचे निम्मे फोन मगरींचे. पावसाळ्यात तर झोप नसते.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर, रात्री पावणेबाराला हालोलकडच्या एका वाडीवरून चौकीदाराचा फोन. "साहेब, मगरनुं बच्चुं छे. पण गोळ थई गयुं छे." मी म्हटलं, मगर गोल होत नाही, घोरपड असेल. तो म्हणाला, घोरपड मी ओळखतो, ही मगर आहे आणि गोल आहे. वाद घालण्यात अर्थ नव्हता. वनखात्याला कळवलं आणि निघालो.

पंपाच्या खोलीमागे पाइपांची चळत होती, तिच्याखाली तो होता. मोठ्या कलिंगडाएवढा गोळा. रंग वाळलेल्या चिखलाचा. बॅटरी लांबून तिरपी धरली तर प्रत्येक खवल्यावर उभ्या रेघा दिसत होत्या, जुन्या शिंपल्यावर असतात तशा. एका खवल्याचं टोक तुटलेलं. दोन खवल्यांच्या फटीतून दोन-तीन राठ केस बाहेर आलेले. हे केस फक्त आशियातल्या जातींना असतात, आफ्रिकेतल्यांना नाहीत. शेपूट तोंडावरून घेऊन अशी आवळलेली की सुरुवात-शेवट नाही. जवळ गेलो की खवले एकमेकांवर घासल्याचा करकर आवाज, आणि आतून फुस्स, कुकरची शिट्टी उडायच्या आधी वाफ सुटते तसा. आणि वास. वासाबद्दल लिहीत नाही, कुणी जेवत असेल.

चौकीदाराचा मुलगा गोळा उलगडायला हात घालणार होता, त्याला मागे ओढला. त्या दोन खवल्यांमध्ये बोट सापडलं तर बोट विसरायचं. वाघालाही तो गोळा सहज उलगडत नाही, आपण कोण.

दिवे बंद केले, सगळ्यांना वाडीच्या फाटकापर्यंत मागे नेलं आणि बसून राहिलो. चाळीस मिनिटं. मग गोळ्याच्या एका बाजूनं आधी नाक आलं. फक्त नाक, ओलं, इकडे तिकडे वळणारं. मग डोळे, मण्यांएवढे. आणि मग तो चालायला लागला. पुढच्या पायांची नखं इतकी लांब की ती आत दुमडून मनगटांवर चालतो, कधीकधी नुसत्या मागच्या पायांवरच. दोन्ही हात पोटाशी धरून, खाली मान घालून. पंगतीत तूप वाढायला निघालेले सोवळ्यातले आजोबा जसे, अगदी तसा.

वनरक्षक आले, लाकडी खोक्यात घेतला, वजन केलं, अकरा किलो. पहाटे त्यांनी जंगलात सोडला.

आता नावांचं. त्या एका रात्रीत: चौकीदाराची मगर, वनरक्षकाच्या तोंडात कीडीखाउ, त्यांच्या कागदावर पँगोलिन, आणि घरी आल्यावर आईला सांगितलं तेव्हा खवले मांजर. आई म्हणाली, मांजरासाठी रात्रभर बाहेर होतास?

---

शब्दखोर | 11 फेब्रुवारी, रात्री 12:30

झोपणार होतो, आता झोप उडाली. कोतरांतले, तुमच्या चौकीदाराला साष्टांग नमस्कार सांगा.

ईलियन नावाचा एक रोमन लेखक होता, साधारण अठराशे वर्षांपूर्वीचा. प्राण्यांच्या गोष्टी ग्रीकमध्ये लिहून गेला. तो म्हणतो, हिंदुस्थानात एक प्राणी आहे, दिसायला जमिनीवरच्या मगरीसारखा, माल्टाच्या छोट्या कुत्र्याएवढा, कातडी इतकी खरखरीत खवल्यांची की कानशीसारखी वापरतात, पितळ-लोखंड कापतात. नाव देतो 'फट्टागेस'. हेच नाव उचलून ब्यूफाँनं आफ्रिकेतल्या एका जातीला 'फाटाजँ' म्हटलं. हिंदुस्थानचं नाव आफ्रिकेच्या प्राण्याला. पण ईलियनचा प्राणी म्हणजे आपला खवल्याच, असंच बहुतेक मानतात.

आणि 'क्रोकोडाइल'ची तरी काय कथा? ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, आयोनियातले ग्रीक इजिप्तला गेले, नाईलमध्ये ते धूड पाहिलं आणि आपल्या घरच्या कुंपणभिंतीतल्या सरड्याचं नाव त्याला देऊन मोकळे झाले. म्हणजे ईलियनची 'जमिनीवरची मगर' हीच मुळात सरड्याच्या नावावर उभी. तुमच्या चौकीदारानं विश्वामित्रीत रोज बघितलेलं नाव दिलं, एवढंच.

---

सुरसागरवाली | सकाळी 7:05

कोतरांतले, तुमच्या आईला माझा नमस्कार. तूप वाढणारे आजोबा तक्त्यावर आले आहेत. शेपटीसकट.

---

हावड्याचा_देशपांडे | सकाळी 10:15

चिनी नाव राहिलं. ऑफिसातल्या एका चिनी सहकाऱ्याला विचारलं. 'चुआन शान ज्या'. चुआन म्हणजे भेदून जाणं, शान डोंगर, ज्या चिलखत. डोंगर भेदणारं चिलखत. ऐकायला सुंदर. पण तिथे हेच नाव जिवावर उठलंय. जो डोंगर भेदतो त्याचा खवला शरीरातला अडथळाही भेदणार, म्हणून तुंबलेलं रक्त मोकळं करायला, बाळंतिणीला दूध उतरायला त्याच्या खवल्यांची पूड. शेवटी 2016 मध्ये जोहान्सबर्गला साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिषदेत आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करायचं ठरलं, आणि 2020 मध्ये चीननं आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले काढले. चोरटा व्यापार त्यानं थांबला असं मात्र नाही.

---

दांडियाबाजारचा_बाळ्या | सकाळी 10:40

चिलखतावरून आठवलं. खवल्यांचा खराखुरा अंगरखा इंग्लंडात लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात आहे, सोन्याची नक्षी केलेला. तिसऱ्या जॉर्जला नजर केला होता हेस्टिंग्जनं. तोच गव्हर्नर जनरल, ज्याच्या अमदानीत पेशवाई बुडाली. एका अंगरख्याला किती खवले मांजरं लागली असतील तेवढंच मनात येतं.

---

शुद्धमती | दुपारी 1:20

चिनी नाव वाचून विचारात पडले. आमच्या वज्रकीटातही तोच 'वज्र' आहे. भेदणारा. ओरिसात-बंगालात खवल्यांचे ताईत करतात, त्यामागे हेच असेल का? असो. तक्त्यावर 'खवले मांजर' लिहावे. माझी हरकत नाही. वज्रकीट कंसात दिला तरी चालेल.

---

निरुपाय | दुपारी 1:24

कंसातसुद्धा नको. पण ताई, मोठ्या मनानं मागे घेतलंत, त्याबद्दल एक सेवउसळ माझ्याकडून.

---

व्यवस्थापक | दुपारी 1:30

निरुपाय, शेवटची सूचना.

---

सुरसागरवाली | 14 फेब्रुवारी, रात्री 8:10

तक्ता गेला एकदाचा. वर मोठ्या अक्षरांत 'खवले मांजर', त्याखाली कीडीखाउ, बनरुई, चिप्पु हंदी, प्रत्येकाला वेगळा रंग. 'का'च्या खाली त्यानं लिहिलं: "कारण रात्री अंधार होता आणि तो मांजरीएवढा होता." बाईंनी लाल पेन्सिलीनं 'मांजरीएवढा'खाली रेघ मारून 'सोर्स?' असं विचारलंय. मी म्हटलं, सांग, चिपळूण.

---

कोतरांतला | 19 जुलै, रात्री 1:15

धागा वर काढतोय, माफ करा. सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

आज दिवसभर पाऊस, विश्वामित्री काठोकाठ. रात्री अकराला समा भागातल्या एका सोसायटीतून मराठी काकूंचा फोन. "पार्किंगमध्ये खवले मांजर आलंय." मी म्हटलं, काकू, पाणी भरलंय, मगर असेल, लांब राहा. त्या म्हणाल्या, "मगर मला कळते हो, चाळीस वर्षं बडोद्यात आहे. हे खवले मांजर आहे. मी धागा वाचलाय सगळा. कोपऱ्यात अंग मुडपून बसलंय." इतक्या ठामपणे म्हणाल्या की मी गाडीत जाळीऐवजी खोकं टाकलं.

गेलो. अॅक्टिव्हाच्या मागे, अंग मुडपून. साडेतीन फुटांची मगर.

परत घरी जाऊन जाळी आणली.